चूक दाखवणारा शेजार

पत्र

मी उपयोजित गणितात पीएच.डी. करते आहे. तीन-चार महिन्यांत प्रबंध सादर होईल. ट्यूमरच्या पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्यातल्या झटापटीचं मॉडेल हा माझा विषय. पाच अवकल समीकरणं, चौदा पॅरामीटर (पेशींच्या वाढीचा, मरणाचा वेग असे समीकरणांतले ठरावीक आकडे) आणि समतोल बिंदू, म्हणजे पेशींची संख्या बदलेनाशी होते त्या अवस्था, कुठल्या अटींवर स्थिर राहतात याच्या सिद्धता, असं कामाचं स्वरूप आहे. दोन पेपर छापून आलेत. मागच्या परिषदेत एका गणितज्ञांनी माझ्या पोस्टरपुढे उभं राहून विचारलं, "यात नवं गणित काय आहे?" त्याच दुपारी एका जीवशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "यातून मला काय कळलं?" मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही.

आता पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, दोन जागा समोर आहेत. एक गणित विभागात आहे, तिथे सध्या करते तसंच काम. दुसरी रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तिथे गणितवाली मी एकटीच असेन. शाळा सुटल्यापासून मी जीवशास्त्राला हात लावलेला नाही. प्रयोगशाळेत गेले तर गणित विभागांची दारं कायमची बंद होतील का? आणि नाही गेले तर कुणीच न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सिद्ध करत बसेन का?

— दोन दगडांवरची

उत्तर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. प्रयोगशाळेत जा. पण जाण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवून घ्या, आणि त्या ठरत नसतील तर जाऊ नका.

परिषदेत तुम्हाला दोन प्रश्न विचारले गेले, पण दोन्हींचं वजन सारखं नाही. "नवं गणित काय?" याला "काही नाही" असं उत्तर मान वर करून देता येतं. "मला काय कळलं?" याला तेच उत्तर दिलं तर मात्र सगळा डोलारा बसतो.

एचआयव्हीचं उदाहरण घेऊ. लागण झाल्यावर सुरुवातीचा भर ओसरला की पुढे कित्येक वर्षं रुग्णाच्या रक्तातली विषाणूंची पातळी फारशी हलत नाही. त्यामुळे या काळात आत विशेष काही घडत नसावं, असा समज होता. १९९५-९६च्या सुमारास डॉक्टर डेव्हिड हो, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले ॲलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारं नवं औषध देऊन पातळी किती वेगाने उतरते ते पुन्हा पुन्हा मोजलं आणि त्या उतारावर समीकरणं बसवली. १९९६च्या पेपरात रुग्ण होते फक्त ५. हिशोब असा निघाला: रक्तातल्या विषाणूचं अर्धायुष्य सुमारे ६ तास, लागण झालेल्या पेशीचं सुमारे १.६ दिवस आणि शरीरात रोज तयार होणारे विषाणू सुमारे १,००० कोटी. वरून शांत दिसणाऱ्या त्या वर्षांत आत रोज एवढी उलथापालथ चालू होती. रोज इतक्या प्रती निघत असतील तर एका औषधाला दाद न देणारा विषाणू आज ना उद्या निपजणारच, म्हणून एकाच वेळी अनेक औषधांचा मारा करायला हवा, या विचाराला त्या आकड्यांनी बळ दिलं.

यातली युक्ती नीट बघा, कारण ती थेट तुमच्या प्रबंधाला लागू पडते. पिंपातल्या पाण्याची पातळी स्थिर असेल तर भरणारा आणि रिकामा करणारा असे दोन्ही नळ बंद असतील, नाहीतर दोन्ही सारख्याच जोराने वाहत असतील. पातळीकडे दिवसभर टक लावून बसलात तरी यातलं खरं काय ते कळणार नाही. भरणारा नळ बंद करून घड्याळ लावलं तर मात्र पाच मिनिटांत कळतं. औषधाने तो नळ बंद केला आणि समीकरणांनी घड्याळाचं काम केलं. समीकरणं म्हणाल तर महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सुटतील अशी. नवं गणित शून्य, आणि तरीही रोगाकडे बघण्याची नजर बदलली.

आता तुमचं मॉडेल. समतोल बिंदू स्थिर आहेत हे तुम्ही सिद्ध केलंत. छान. पण समतोलाला पोचलेली व्यवस्था ही त्या पिंपासारखी असते, ती तुम्हाला गुणोत्तरं सांगते, वेग सांगत नाही. तुमच्या चौदा पॅरामीटरपैकी किती पॅरामीटर प्रत्यक्ष मोजमापातून वेगवेगळे काढता येतात? हे पाहण्याची एक साधी रीत आहे. एक पॅरामीटर हाताने एका किमतीला धरून ठेवायचा, बाकीचे तेरा नव्याने जुळवायचे आणि डेटापासूनचं अंतर किती उरतं ते टिपायचं. मग धरलेली किंमत थोडी सरकवायची आणि पुन्हा तेच. असा आलेख काढल्यावर खोल दरी दिसली तर डेटाला त्या पॅरामीटरबद्दल काही माहिती आहे. सपाट माळरान दिसलं तर तुम्ही तिथे कुठलीही किंमत घाला, डेटाला त्याचं सोयरसुतक नाही. दोन पॅरामीटर समीकरणांत कायम गुणाकारातच येत असतील तर जगातला सगळा डेटा आणलात तरी ते सुटे होणार नाहीत. माझा अंदाज आहे की चौदातले चार-पाच टिकतील. प्रबंध देण्याआधी याचं एक छोटं प्रकरण लिहा, वेळ आहे तुमच्याकडे. परीक्षकांना आवडेल का माहीत नाही, पण त्या बाईंच्या प्रश्नाच्या तुम्ही निम्म्याने जवळ याल.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चटका बसल्यामुळे सांगते आहे. पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे प्रतिजैविक दिल्यावर जिवाणू कसे घटतात याचा डेटा आला होता. संख्या झपाट्याने उतरत जाऊन शेवटी शून्य, शून्य, शून्य. मी मॉडेल केलं आणि ठरावीक मात्रेच्या वर जिवाणू समूळ नष्ट होतात हे सिद्ध केलं. त्यात चार महिने गेले. एका सकाळी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने माझा आलेख पाहिला आणि सहज विचारलं, "हे शून्य तुम्ही खरं धरलंत का?" प्लेटवर एकही वसाहत उगवली नाही याचा अर्थ नळीत एकही जिवाणू नाही असा होत नाही. नमुना पातळ करून त्यातला थेंबभर प्लेटवर टाकलेला असतो. म्हणजे जिवाणू मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेलेत, एवढंच ते शून्य सांगतं. नळी रात्रभर ठेवली की ते परत वाढायचे, आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना हे ठाऊक होतं. माझ्या सिद्धतेत एकही चूक नव्हती. फक्त ती ज्या जिवाणूंबद्दल होती ते कुठल्याच नळीत नव्हते. मी गणित विभागात बसले असते तर तो पेपर छापून आला असता, त्याची कौतुकं झाली असती आणि आजही तो माझ्या यादीत असता. म्हणून तुम्हाला प्रयोगशाळेकडे ढकलते आहे. पगार, नाव, विषय हे सगळं एकीकडे, आणि तुमचं चुकलंय हे सांगू शकणारा माणूस शेजारच्या टेबलावर असणं दुसरीकडे.

"पण डेटावर वक्ररेषा चपखल बसली तर?" हा पुढचा मोह. साथरोगांच्या गणिताचं मूळ मानला जाणारा करमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा पेपर तुम्ही अभ्यासला असेलच. त्यातला तो प्रसिद्ध आलेख मुंबईतल्या प्लेगचा आहे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचा. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरती अशी घंटेसारखी रेषा, आणि मृत्यूंचे ठिपके जवळजवळ तिच्यावरच. बघून कुणालाही वाटेल की साथ कशी चालते ते कळलं. पण प्लेग उंदरांचा, त्यांच्या पिसवांचा आणि ऋतूंचा खेळ आहे. मुंबईत तो तेव्हा दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढायचा आणि उतरायचा. मॉडेलमध्ये मात्र साथ ओसरते ती लागण होण्याजोगे जीव कमी होत जातात म्हणून. ऋतू त्यात नाहीच. म्हणजे रेषा बसली ती भलत्याच कारणाने. गंमत अशी की लेखकांनी स्वतः उंदरांचा उल्लेख करून आपण काय काय गृहीत धरतोय ते लिहून ठेवलं होतं. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी आलेख घेतला आणि त्या ओळी गाळल्या. मॉडेल बाद झालं का? अजिबात नाही. साथ पसरायला लोकसंख्येचा एक उंबरठा ओलांडावा लागतो, ही त्यातली कल्पना आजही साथरोगशास्त्राचा कणा आहे. उदाहरण चुकलं, विचार टिकला.

याच्या उलटही घडतं. गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ साली दाखवलं की दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील आणि एकमेकांना चढवत-उतरवत असतील, तर एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप पट्टे आणि ठिपके उमटू शकतात. इतकी देखणी कल्पना. मग फळमाशीच्या गर्भावर सात पट्टे दिसले आणि गणितवाल्यांना वाटलं, सापडलं! पण एकेका पट्ट्याची यंत्रणा उलगडल्यावर कळलं की माशी पट्टे जवळजवळ सुटे सुटे बनवते, ट्यूरिंग यांच्या रीतीने नव्हे. पुढे १९९५ साली कोंडो आणि असाई या जपानी संशोधकांनी एंजलफिश जातीच्या समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे मासा वाढताना कसे सरकतात आणि फुटतात ते टिपलं. ते ट्यूरिंग यांच्या समीकरणांशी जुळणारं निघालं. माशीने नाही म्हटलं, माशाने हो म्हटलं. गणित दोन्हीकडे तेच होतं.

आता तुमची खरी भीती, दारं बंद होण्याची. ती पोकळ नाही. प्रयोगशाळेत एकट्या गणितवाल्या माणसाचं काय होतं ते सांगते. पहिल्या महिन्यात सगळे तुमच्याकडे कुतूहलाने बघतात. तिसऱ्या महिन्यात एक जण येऊन म्हणतो, "जरा या आकड्यांवर टेस्ट लावून देता का?" वर्षअखेर तुम्ही प्रयोगशाळेच्या आकडेमोड-मदतनीस झालेल्या असता. आठ पेपरांत तुमचं नाव असतं आणि आठही ठिकाणी मधोमध. जीवशास्त्रात लेखकांच्या यादीत पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखांचं. मधल्या नावांकडे नेमणूक समिती बघतही नाही. गणितात बऱ्याचदा नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने लागतात. त्यामुळे उद्या गणित विभागाच्या समितीत कुणी तुमची यादी वाचताना पहिलं नाव म्हणजे काय आणि पाचवं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. त्यासाठी अर्जात प्रत्येक पेपरापुढे एका ओळीत लिहा, मॉडेल कुणाचं, सिद्धता कुणाची, प्रयोग कुणाचा. चांगलं काम केलेली माणसंही ही एक ओळ लिहायला लाजतात आणि नुकसान करून घेतात.

म्हणून होकार देण्याआधी प्रयोगशाळेच्या प्रमुखांशी मोकळेपणाने बोला. सगळ्यात आधी विचारा की प्रयोग आखताना मी त्या खोलीत असेन का, की प्रयोग उरकल्यावर फाइल माझ्याकडे येईल? मोजमाप चौथ्या तासाला घ्यायचं की चोविसाव्या, यावरच तुमचे पॅरामीटर सुटे होतात की नाही ते ठरतं, आणि प्रयोग संपल्यावर ते सांगून काही उपयोग नसतो. मग विचारा की माझ्या मॉडेलने एखादा प्रयोग मागितला तर तो करायला वर्षातून एकदा तरी माणूस आणि साहित्य मिळेल का? या प्रश्नावर प्रमुख हसून "बघू" म्हणाले तर ते "नाही" समजा. किमान एका पेपरात पहिलं नाव तुमचं असेल हे आत्ताच बोलून घ्या. संकोच वाटेल, पण दोन वर्षांनी बोलायला जास्त वाटेल. आणि एखाद्या गणित विभागात दुसरा मार्गदर्शक मिळवा. औपचारिक नसला तरी चालेल, महिन्यातून एकदा फळ्यापुढे तासभर उभं राहू देणारं कुणी पुरे.

गणितासाठी वेगळा वेळ राखायचा तो केवळ नोकरीसाठी नव्हे. गणितज्ञाच्या त्या प्रश्नाला मी मघाशी जरा हलक्यात काढलं, ते थोडं मागे घेते. जीवशास्त्राच्या प्रश्नातून नवं गणित निघतं, फक्त ते सांगून येत नाही. १९३७ साली फिशर यांनी फायदेशीर जनुक जागेत कसं पसरतं याचं समीकरण मांडलं. त्याच वर्षी कोल्मोगोरोव, पेत्रोव्स्की आणि पिस्कुनोव यांनी त्याच प्रकारच्या समीकरणाचा गणिती कणा उभा केला, आणि सरकत्या लाटांचा अभ्यास करणारा माणूस आजही तिथूनच सुरुवात करतो. रॉबर्ट मे हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. पिढ्यांगणिक बदलणाऱ्या कीटकसंख्येसारख्या गोष्टीसाठीचं एका ओळीचं समीकरण किती बेभरवशाचं वागू शकतं हे त्यांनी १९७६च्या लेखात दाखवलं आणि गोंधळाच्या गणिताकडे (केऑस) कितीतरी लोक त्या वाटेने आले. तुमच्या प्रयोगशाळेतल्या कामाचेही दोन पेपर होऊ शकतात. जीवशास्त्राचं उत्तर जीवशास्त्राच्या नियतकालिकात, आणि ते शोधताना अडलेला गणिती पेच 'जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी'सारख्या ठिकाणी. दुसऱ्याला वेळ लागेल. नियतकालिकाने नेमलेले तपासनीस सिद्धतेची ओळन् ओळ वाचतात, त्यामुळे उत्तर यायला महिने जातात. पहिल्या वर्षीच सुरू केलंत तर तिसऱ्या वर्षी अर्ज करताना हातात काही असेल.

जीवशास्त्र येत नाही, याची काळजी मात्र सोडा. सगळं जीवशास्त्र कुणालाच येत नाही. जाडजूड पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, चौथ्या प्रकरणात झोपाल. एक पेशी, एक रोग, एक मोजमाप धरा आणि त्याच्या तळाशी जा. पहिले काही आठवडे समीकरण न लिहिता प्रयोग करणाऱ्याच्या मागे उभं राहा. एक ठिपका आलेखावर येण्याआधी काय काय होतं ते बघा: नमुना कधी काढला, किती वेळ बाहेर राहिला, यंत्राने किती पेशी "मेलेल्या" म्हणून बाजूला टाकल्या, ती सीमारेषा कुणी आणि कशावरून आखली. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली मज्जातंतूच्या संदेशाची समीकरणं मांडली तेव्हा स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूंवरचे प्रयोगही त्यांनीच केले होते. केंब्रिजचा संगणक बंद असल्यामुळे हक्सलींनी संदेशाचा आकार हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर काढला. अवजड काम होतं, पण प्रत्येक आकडा कुठून आला हे त्यांना पाठ असणार. तुम्ही स्वतः पिपेट हातात धरायची गरज नाही. आकडा कुठून आला ते माहीत असलं की झालं.

नोकरीचं म्हणाल तर कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार, दोन्ही वाटांवर. फरक इतकाच की प्रयोगशाळेच्या वाटेवर विद्यापीठाबाहेरही फाटे फुटतात. औषध शरीरात किती वेगाने पसरतं आणि किती वेगाने उतरतं याचं मॉडेल करणारी माणसं औषध कंपन्यांना लागतात, साथीचा अंदाज बांधणारी सार्वजनिक आरोग्याच्या यंत्रणांना. फक्त स्थिरतेच्या सिद्धता हातात असलेल्या माणसाला तिथे समजावून सांगावं लागतं, आणि डेटाशी झटापट केलेल्याला कमी.

एका बाबतीत मी चूक असू शकते. शुद्ध सिद्धतेतच तुमचा जीव रमत असेल, रविवारी सकाळी कुणी न सांगता तुम्ही तेच काढून बसत असाल, तर गणित विभागात जा. मग मॉडेलला जीवशास्त्राचं नाव देऊ नका, सरळ समीकरणांचा अभ्यास म्हणा. त्यात काही कमीपणा नाही. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गणितज्ञांचा प्रश्न तुम्ही एका ओळीत संपवलात आणि बाईंच्या प्रश्नाकडे शेवटच्या ओळीत परत आलात.

त्या बाईंचं नाव परिषदेच्या पुस्तिकेत असेल. त्यांना या आठवड्यात मेल करा, पाच-सहा ओळींचा, मॉडेलची प्रत न जोडता. त्यांच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता आलं नाही हे लिहा, आणि विचारा की माझ्या चौदा आकड्यांपैकी तुम्ही तुमच्या प्रयोगात कोणते मोजता, कोणते मोजू शकाल, आणि कोणते पाहून तुम्हाला हसू येतं.